वॉरगेमच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना

दिवाळीत किल्ला केला नाही असं घर साताऱ्यात सापडणं अवघड. विटा-दगड रचायचे, चिखलात बुचकळलेलं पोतं त्यावर पांघरायचं, अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि वसुबारस आली तरी कोंब का दिसत नाहीत म्हणून दिवसातून चारदा पाणी मारायचं. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे. एक बुरुजावर, दोन दरवाज्यात, एक तोफेपाशी. झाली मांडणी. भाऊबीजेपर्यंत ते मावळे तसेच उभे. गनीम काही यायचा नाही.

मिनिएचर वॉरगेममध्ये गनीम येतो. टेबलावर मुलूख मांडलेला असतो, दोन्ही बाजूंना करंगळीएवढे रंगवलेले सैनिक असतात. चाल टेपनं मोजायची, मारामारीचा निकाल फाशांनी लावायचा. बुद्धिबळाच्या नात्यातलाच खेळ, पण याला घरं नाहीत आणि यात नशीब आहे.

आम्ही साताऱ्यातले दहा-बाराजण हे खेळतो. वर्षातून एकदा हॉल घेऊन टेबलं मांडतो. पुण्याकडचे, कोल्हापूर-सांगलीचे खेळगडी आपापल्या फौजा डब्यात भरून येतात. दिवाळी संपल्यापासून तुळशीची लग्नं लागेपर्यंत मंगल कार्यालयं मोकळी असतात आणि भाडं उतरलेलं असतं, म्हणून तोच मुहूर्त. दरवर्षी पंधरा-वीस नवे चेहरे दारात येतात, आत डोकावतात आणि त्यातले निम्मे दहा मिनिटांत परत फिरतात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं. काय बघायचं, कुणाशी बोलायचं, कशाला हात लावायचा, हेच कळत नाही. हा लेख त्या निम्म्यांसाठी आहे.

घरातून निघताना

नियम वाचून येऊ नका. गंमत करत नाही. नियमांचं पुस्तक घरी बसून वाचलं की ते विम्याच्या पॉलिसीसारखं वाटतं, आणि टेबलापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की त्यातलं निम्मं आपोआप कळतं. त्यापेक्षा एवढंच ठरवून या की आपल्याला कशाचं वेड आहे. मराठ्यांचा इतिहास, दुसरं महायुद्ध, राक्षस-ड्रॅगन, अंतराळातली युद्धं. कुठल्या टेबलापाशी जास्त थांबायचं ते त्यावर ठरतं.

सकाळी या. दहा-साडेदहाला मांडणी पुरी झालेली असते, डाव नुकते सुरू झालेले असतात, माणसं ताजी असतात. दुपारी जेवून आलात तर अर्धे डाव संपलेले, आणि उरलेल्यांत कुणाची चाल आहे हे खेळणाऱ्यांनाही नीट आठवत नसतं. बाहेरगावाहून एसटीनं येत असाल तर स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आधी तासभर घालवा. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली ती इथंच. पण मी तिथं रंग बघायला जातो. ढालीचं कातडं किती काळं, तलवारीची मूठ किती पिवळी. सैनिक रंगवायला लागलात की हे डोळे फार उपयोगी पडतात.

पाठीवरची सॅक दारातल्या टेबलावर ठेवून आत या. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. दोन वर्षांमागं एक पाहुणे पानिपतच्या टेबलापाशी वळले आणि त्यांच्या सॅकेनं इब्राहिमखान गारद्याची अख्खी डावी फळी फरशीवर उतरवली. अब्दालीला त्या दिवशी काही करावंच लागलं नाही. लोंबणारी ओढणी, गळ्यातल्या कॅमेऱ्याची दोरी, हीसुद्धा त्याच जातीची हत्यारं.

पहिली चक्कर हात मागे बांधून

आत आल्यावर सगळी टेबलं एकदा बघून घ्या. काही विकत घेऊ नका, कुठं बसू नका. साधारण तीन तऱ्हेची टेबलं दिसतील.

पहिली शोभेची. डोंगर, नदी, आंब्याची झाडं, गवतात चरणारी म्हैस, इतकं नजरेत भरणारं काम की इथंच सगळी गर्दी होते. इथं डाव संथ चालतो, कारण मांडणारे गप्पा मारायलाच उभे असतात. दुसरी टेबलं सरावाच्या खेळाडूंची. दोघंजण खाली मान घालून टेप लावताहेत, मध्येच एखाद्या नियमावरून हमरीतुमरी. त्यांना त्रास देऊ नका, चाल संपली की स्वतःहून बोलतात. तिसरी टेबलं आल्या-गेल्याला बसवून घेण्यासाठीच असतात. लहान मांडणी, पाऊण तासाचा डाव, नियम एका कागदाच्या पाठपोट. तुम्ही या तिसऱ्या टेबलासाठी आला आहात. बाकीचं बघून ठेवा.

कुठल्याही सैनिकाला न विचारता उचलू नका. विचारलं तर दहातले नऊजण आनंदानं हातावर ठेवतात. धरायचं ते खालच्या चकतीला, म्हणजे बेसला. भाल्याला धरून उचलला की भाला तुमच्या हातात आणि सैनिक टेबलावर.

बोलायला सुरुवात कशी करायची, हा बऱ्याच जणांचा खरा प्रश्न. “ही कुठली लढाई?” एवढं पुरतं. पुढची वीस मिनिटं समोरचा बोलतो. “किती वेळ लागला हो रंगवायला?” हाही आवडता प्रश्न. “याला किती पैसे घातले?” हा मात्र कुणाची बायको शेजारी उभी असताना विचारू नये.

मापांचा घोळ इथंच मिटवून टाकू. २८ मिमी म्हणजे सैनिकाची पायापासून डोळ्यापर्यंतची उंची साधारण तेवढी. यात मिशी दिसते, पागोट्याचा पीळ दिसतो. पाच-दहाजणांच्या चकमकीला हे माप. १५ मिमी त्याच्या जवळजवळ निम्मं. ६ मिमीचा सैनिक तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा चेहरा शोधू नका, पण १४ जानेवारी १७६१ चं पानिपत एका टेबलावर मावायचं तर दुसरा इलाज नाही. लांबून बघितलं की खरंच फौज वाटते. २८ मिमीचे चाळीस कितीही सुंदर असले तरी ते चाळीसच दिसतात.

एका टेबलापाशी जरा थांबू

आमच्याकडचं एक टेबल साताऱ्याच्या वेढ्याचं असतं. सहा बाय चार फुटांवर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा अजिंक्यतारा. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः इथं येऊन बसला. किल्ला प्रयागजी प्रभूंनी लढवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवले. त्यातला एक स्फोट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरलेली मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येनं त्यात गाडली गेली. त्याच महिन्यात वाटाघाटी होऊन किल्ला गेला आणि त्याचं नाव आझमतारा झालं.

आता हे खेळात कसं आणायचं? टेबल मांडणाऱ्यानं साधी युक्ती केली आहे. मोगल खेळाडूनं दर फेरीला ठरवायचं, खणत राहायचं की बत्ती द्यायची. जितकं जास्त खणाल तितका स्फोट मोठा, पण उडवताना फाशावर एक किंवा दोन पडला तर ढिगारा उलटा आपल्याच माणसांवर. गेल्या वर्षी मोगलांकडून बसली होती सहावी-सातवीतली एक मुलगी. चार फेऱ्या दम धरून तिनं खणलं, सगळी फौज भिंतीला आणून चिकटवली आणि मग फासा टाकला. एक पडला. बाजूला उभे असलेले सगळे ओरडले. ती मात्र टेबलाकडं बघत हळूच म्हणाली, “मग लांब उभं करायला पाहिजे होतं ना त्यांना.” त्या हॉलच्या मागच्या खिडकीतून खरा अजिंक्यतारा दिसतो. ती जाताना तिथं थांबून वर बघत होती.

मोगल कोण घेणार, हा आमच्याकडचा जुना तंटा. साताऱ्यात पोरं मोगल घ्यायला तयार होत नाहीत, मोठेही आढेवेढे घेतात. तोडगा छापा-काट्याचा, आणि वेळ असेल तर बाजू बदलून दुसरा डाव. आणखी एक न लिहिलेला नियम: महाराजांची मूर्ती आम्ही सोंगटी म्हणून टेबलावर ठेवत नाही. फाशावर त्यांचा निकाल लावणं कुणालाच रुचत नाही. सरदार असतात, किल्लेदार असतात, ते पुरतात.

आता बसा

तिसऱ्या तऱ्हेच्या टेबलावर जागा असेल तर सरळ म्हणा, “मला येत नाही, शिकवाल का?” असं म्हणणाऱ्याची आम्ही वाटच बघत असतो.

बहुतेक खेळांची फेरी चार गोष्टींची असते: चाल, मारा, हातघाई आणि धीर. चाल इंचांत. पायदळाला सहा इंच दिले असतील तर घोड्याला दहा-बारा, दलदलीत निम्मे. माऱ्यासाठी जितके बंदूकवाले तितके फासे, चार किंवा वर पडलं की लागलं. सहा फासे टाकले तर सरासरी तीन लागणार, हा हिशेब डोक्यात बसला की अर्धा खेळ आला. हातघाईत दोघंही टाकतात.

खरी मजा चौथ्या गोष्टीत आहे आणि नवे लोक नेमकं तिकडं दुर्लक्ष करतात. लढायांत फौजा शेवटच्या माणसापर्यंत मरत नाहीत, त्या मोडतात. म्हणून चांगल्या नियमांत तुमची तुकडी मारली जाण्याआधी तिचा धीर सुटतो. फासा वाईट पडला की ती मागं सरकते, मग तिच्या शेजारची डळमळते. पहिल्या डावात प्रत्येकजण समोरच्याचे सैनिक मोजतो. तिसऱ्या-चौथ्या डावात कुठली तुकडी घाबरलेली आहे ते बघायला लागतो.

हराल. पहिला डाव सगळेच हरतात. हरल्यावर समोरच्याला एकच विचारा, “मी कुठं चुकलो?” फुकट शिकवणी मिळते.

पाकिटाला हात लावण्याआधी

माझी गोष्ट सांगतो. पहिल्याच प्रदर्शनात मी चाळीस सैनिकांचं प्लास्टिकचं खोकं घेतलं, घरी येऊन उघडलं, तर आत सुटे हात, सुटी डोकी, सुट्या बंदुका, दीडशेच्या वर तुकडे. ते खोकं अजून पोटमाळ्यावर आहे. त्यानंतर बाहेरून मागवलेली रेझिनची तोफ आली ती कुरिअरवाल्यानं बहुधा तिच्यावर बसून आणली होती.

म्हणून पहिल्या दिवशी खरेदी करायचीच असेल तर वापरलेल्या मालाच्या टेबलावर करा. ज्यांचा उत्साह ओसरला किंवा बदली झाली ते आपल्या फौजा तिथं ठेवतात. चार-पाचच सैनिक घ्या. रंगाचे थर इतके जाड नाहीत ना की नाक-डोळे बुजलेत, एवढं बघा. प्लास्टिकवरचा रंग उतरवता येतो, पण तो उद्योग पहिल्याच महिन्यात नको. जुने धातूचे सैनिक असतील तर त्यात शिसं असू शकतं. हाताळून झाल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.

फासे आणि टेप एवढं मात्र बिनधास्त घ्या. टेप हार्डवेअरच्या दुकानातला, शिंप्याचाही चालतो.

सगळं बदलतंय ते कसं

हा छंद मुळात लष्करातला. प्रशियात १८२४ च्या सुमारास रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा नकाशावरचा युद्धखेळ सैन्यानं शिक्षणासाठी घेतला. १९१३ मध्ये इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी घरातल्या खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम छापले. त्यांत स्प्रिंगच्या तोफेनं सैनिक खरोखरच पाडायचे. १९८३ मध्ये इंग्लंडात वॉरहॅमर हा राक्षस-ड्रॅगनांचा खेळ आला, १९८७ मध्ये त्याचं अंतराळातलं रूप, आणि इतिहासवेड्या काकालोकांच्या छंदात पोरांची लाट घुसली. लंडनमध्ये साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या क्लबचं सॅल्यूट हे प्रदर्शन १९७२ पासूनचं. आता ते एक्सेल या प्रदर्शन केंद्राच्या अवाढव्य दालनात भरतं. तिकडच्या टेबलांवर आपले मराठे दिसतात ते बहुधा २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत, इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा रंगवायला झकास दिसतात, हेही एक कारण असावं.

मला दिसणारा सगळ्यात मोठा बदल म्हणजे खेळ आकसला. पूर्वी फौज म्हणजे शंभर-दीडशे सैनिक, रंगवायला वर्ष, डावाला अख्खा रविवार. आता आठ-दहा सैनिकांचे, तीन बाय तीन फुटांत मावणारे, दीड तासात संपणारे खेळ निघालेत. जेवणाच्या टेबलावर होतात. जुने लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर साताऱ्यासारख्या गावात हा छंद टिकला तो या आकसण्यामुळंच. एवढ्या लहान घरांत सहा फुटांचं टेबल महिनाभर मांडून कोण ठेवून देईल?

दुसरा बदल छपाईचा. सतराव्या शतकातले मावळे आम्हाला मनासारखे तयार मिळत नव्हते. आता आमच्यातला एकजण ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर मावळा घडवतो आणि रेझिनच्या, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या पातळ द्रव्याच्या, थ्रीडी प्रिंटरवर छापतो. ०.०५ मिमीचा एकेक थर, खालून अतिनील प्रकाश. अख्खा थर एकदम घट्ट होतो, म्हणून वेळ लागतो तो उंचीला. एक मावळा छापायला जेवढा वेळ, तेवढ्यातच प्लेटवर मावतील तितके निघतात. हे कळल्यापासून आमच्याकडं मावळ्यांची कमी नाही, रंगवणाऱ्यांची आहे.

पण भाळून लगेच प्रिंटर घेऊ नका. कच्चं रेझिन अंगाला लागलं तर कातडीला त्रास होतो, काहींना कायमची ॲलर्जी जडते. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी आणि वेगळी खोली नसेल तर प्रिंटर घरात नको. छापलेला सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलात धुवून उन्हात नीट वाळवावा लागतो, आणि ते धुतलेलं मोरीत ओतायचं नसतं. त्यात दुसऱ्याची डिझाईन विकत घेतली म्हणजे छापून विकायचा हक्क मिळत नाही. बऱ्याच फाइली फक्त स्वतःपुरत्या असतात. झाडं-घरं-तटबंदीसाठी साधा प्लास्टिकच्या तारेचा प्रिंटर पुरतो, आणि खरं तर त्यालाही पोतं, थर्माकोल आणि फेविकॉल हा उतारा आहेच. लाकडाच्या वखारीतला भुसा हिरवा रंगवून वाळवला की गवत तयार.

तिसरं, रंग. २०१९ मध्ये सिटाडेल या सैनिकांच्या रंगांच्या ब्रँडनं कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले. एकच हात द्यायचा, रंग उंचवट्यावरून घसरून घड्यांत साचतो आणि सावली आपोआप पडते. पाच तासांचं काम तासावर आलं. हात दुखेपर्यंत रंगवलेल्या आमच्या पिढीला याचा थोडा राग आहे, पण वापरतो सगळेच.

आणि माणसं बदलली. पोरी खेळायला येतात, रंगवण्यात तर त्या आमच्या पुढं गेल्या. काहींना खेळायचंच नसतं, नुसतं रंगवायचं असतं, त्यांचं वेगळं टेबल असतं. एकट्यानं खेळायचे नियम आले, शत्रूच्या चाली पत्त्यांनी किंवा फाशांनी ठरतात. लॉकडाऊनमध्ये मी स्वतः दोन महिने असाच खेळलो आणि बहुतेक डाव हरलो. स्वतःच मांडलेल्या शत्रूकडून हरणं जरा जास्तच लागतं.

घरी गेल्यावर, त्याच आठवड्यात

उत्साह पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही, म्हणून त्या आधीच पाच सैनिक रंगवा. पाचच.

साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळू द्या. रिकाम्या बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकनं नाहीतर दुहेरी चिकटपट्टीनं चिकटवा, म्हणजे सैनिकाला बोट न लावता फिरवता येतो. प्रायमरचा, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, पातळ हात द्या. पावसाळी हवेत स्प्रे मारू नका, पृष्ठभाग खरखरीत होतो. रंग स्टेशनरीच्या दुकानातले पाण्याचे अॅक्रिलिक चालतात, पण डबीतून थेट लावायचे नाहीत. चहाच्या बशीवर थेंब-दोन थेंब पाणी घालून दुधाइतके पातळ करा आणि दोन हात द्या. ब्रश एक नंबरचा, टोक चांगलं असलेला. तीन शून्यवाल्या बारीक ब्रशच्या नादाला लागू नका, त्यावरचा रंग सैनिकापर्यंत पोचेतो वाळतो.

मावळ्याचा अंगरखा पांढरा रंगवून झाला की करडा-तपकिरी रंग अगदी पाण्यासारखा करून वरून सोडा. तो कमरेच्या दुपट्ट्याखाली, काखेत, बाहीच्या चुण्यांत जाऊन बसतो. दोन मिनिटं आधी जो खडूचा तुकडा दिसत होता, त्याला अंग येतं. माझ्या पहिल्या मावळ्याला मी ते बघत बसलो आणि चहा गार झाला. डोळे रंगवू नका, हाताच्या अंतरावरून सावली पुरते. शेवटी चकतीला फेविकॉल लावून गाळलेली लाल माती टाका. किल्ल्याची उरलेली चालते.

पाच झाले की आमच्यापैकी कुणाला तरी कळवा. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एकाच्या माडीवर बसतो, तुमचे पाच आणि आमचे पाच एवढ्यात डाव होतो. आणि पुढच्या प्रदर्शनात संध्याकाळी जरा थांबा. साडेपाचला हॉल झाडून, खुर्च्या रचून ताब्यात द्यावा लागतो. खुर्च्या उचलायला जे थांबतात त्यांना पुढच्या वर्षी आम्ही टेबल देतो.